काळ्या रानातला डावा हात

यंदाही येळवशीच्या आदल्या दिवशी नांदेड-लातूर बसमध्ये कुणीतरी तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये ताक भरून आणलं होतं. ते कुणाचं, हे अहमदपूर येईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा माझ्या पुढच्या सीटवरच्या गृहस्थांचा एक बूट ओला झाला होता आणि कॅनची मालकीण त्यांची समजूत घालत होती, "देवाचं हाय भाऊ, काही होत न्हाई." गृहस्थांनी रुमाल काढला, बूट पुसला, खिडकीबाहेर पाहिलं. मग न राहवून विचारलं, "तुमच्यात भज्जीत बोरं घालतात का?" तिथून पुढे लातूरपर्यंत बसमध्ये दुसरा विषय निघाला नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे वेळ अमावस्या म्हणतात, बोलताना येळवस. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं. वर्तमानपत्रं दर वर्षी 'अघोषित संचारबंदी' असा मथळा देतात आणि तो आपल्याला यंदाच सुचला असं दर वर्षी समजतात. माणसं सगळी रानात असतात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणायचं, पूजा करायची, आणि मग पालेभाज्या आणि हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकाची आंबील असं इतकं जेवायचं की शेजारच्या कोपीतून बोलावणं आलं तर नाही म्हणायलाही त्राण उरू नये. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. मला रान नाही. मी नांदेडला एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते, त्यातही हाडं. सत्काराच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक माझी ओळख 'हाडाच्या शिक्षिका' अशी करून देतात आणि टाळीसाठी थांबतात. आता मीही थांबते.

बसच्या खिडकीतून दिसत होतं ते दर वर्षीचंच. तुरीच्या शेंगा भरलेल्या, ज्वारी पोटरीत आलेली, हरभरा घाट्यांवर, मधेच करडईचा काटेरी पट्टा. डिसेंबरच्या उन्हाला इकडे एक शहाणपण असतं. एरवी आमचं ऊन फार तोंडाळ. बायका हरभऱ्याचे डहाळे उपटत होत्या. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते, तिने हातांची साल निघते. त्या वाकलेल्या बायकांचे हात बसमधून दिसण्याचं कारण नव्हतं, पण मी हातच बघत होते. काही वर्षांपूर्वीच्या एका येळवशीपासून माझी ही सवय झाली आहे.

हाताचा सांगाडा पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास म्हणतो, "बोटं किती लांब!" ती लांब नसतात. तळहाताच्या मांसात दडलेली पाच हाडं उघडी पडली की तीही बोटांसारखी दिसतात, आणि बोट मनगटापासूनच सुरू झाल्याचा भास होतो. विद्यार्थ्यांना मी सांगते की माणूस बाई होता की पुरुष हे विचारायचं असेल तर आधी कमरेच्या हाडाकडे जा. ते स्पष्ट बोलतं. कवटी जरा नाटकी, पण तीही सांगते. हात पुटपुटतो. सरकपट्टी लावून तळहाताच्या हाडांची लांबी, बुडाची रुंदी, वरच्या टोकाची रुंदी मोजायची आणि ते आकडे एका सूत्रात घालायचे. पुरुषांची हाडं सरासरीने मोठी, बायकांची लहान. खळ्यावर ज्वारीच्या दोन राशी शेजारी शेजारी ओतल्या तर शेंडे वेगळे दिसतात आणि बुडं एकमेकांत मिसळतात, तसं हे आहे. शेंड्यावरचा दाणा कुठल्या राशीतला हे कुणीही सांगेल. बुडाकडचा दाणा उचलून विचारलं की पंचाईत.

तर त्या वर्षी आमच्याकडे बुडाकडचा दाणा आला.

तो आला त्या आठवड्यात कॉलेजात नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाची धावपळ चालली होती. जुन्याच बरण्या नव्या कपाटात ठेवल्या होत्या आणि कपाटांवर दिवे लावले होते, म्हणून त्याला अद्ययावत म्हणायचं ठरलं होतं. फलक खोलीपेक्षा लांब निघाला, तो दोन्ही टोकांना दुमडावा लागला, आणि दुमडण्यात प्रमुख पाहुण्यांचं आडनाव गेलं. ते आडनाव बाहेर कसं काढायचं यावर तीन प्राध्यापक विचार करत असताना एक हवालदार पुठ्ठ्याचं सीलबंद खोकं घेऊन दारात उभा राहिला. "हाडं हायेत," तो म्हणाला. "कुठं ठिवू?" आमचे विभागप्रमुख म्हणाले, "आज नको." हवालदाराने खोकं माझ्या टेबलावर ठेवलं, सही घेतली आणि जाताना फलकाकडे बघून म्हणाला, "आडनाव दिसून न्हाई राहिलं, साहेब."

खोक्यात एक डावा हात होता. तळहाताची पाचही हाडं शाबूत, मनगटाची खड्यांएवढी बहुतेक हाडं, बोटांची बरीचशी पेरं. हाडांना पांढरट-करडी पूड घट्ट चिकटलेली. मुखेडकडच्या एका गावाशेजारी रस्ता रुंद होत होता. यंत्राने एका रानाची कड खोदली तेव्हा हाडं वर आली. पोलीस आले, पंचनामा झाला. गुन्हा नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाडं निघाली म्हणजे नियमाप्रमाणे विचारावं लागतं: मानवी आहेत का, स्त्री की पुरुष, वय काय. बाकीचा देह यंत्राच्या एका घासात रस्त्याच्या भरावात गेला होता. हातच तेवढा वाचला, त्यालाही कारण होतं.

रान लिंगायतांचं. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवतात. मांडी घालून, ताठ. डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग ठेवून. मग विभूती, बेलाची पानं, मीठ घालून खड्डा भरतात. मांडीवरच्या त्या हाताभोवती विभूती आणि मीठ मिळून दगडासारखा गोळा झाला होता आणि यंत्राच्या दातातून तो निसटला. इष्टलिंग घरच्यांनी काढून घेतलं, ते देवघरात गेलं. त्यावरून काही कळतं का, असं मला नंतर एका विद्यार्थ्याने विचारलं. काही कळत नाही. इष्टलिंग बाईच्याही गळ्यात असतं आणि पुरुषाच्याही, एकाच आकाराचं. आठशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे ठरवलं त्यांना बाई आणि पुरुष यांच्यात भेद करायचा नव्हता. माझ्याकडे तोच करायचं काम आलं होतं.

चार-दोन दिवसांत घरची माणसं आली. शिवलिंगअप्पा, वय ऐंशीच्या आसपास, पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात काठी. ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन, मुखेडला शाळेत मास्तर. आणि सून महानंदा, जी मास्तरांच्या आधी बोलायची.

"मॅडम, ह्यो हात कुणाचा तेवढं सांगा," अप्पा म्हणाले. "बायकोचा, का भावाचा?"

रानाच्या कडेला त्यांच्या दोन समाध्या होत्या, हाकेच्या अंतरावर नव्हे, चार हातांच्या अंतरावर. एक धाकट्या भावाची, महालिंगअप्पाची. एक अप्पांच्या पत्नीची, काशीबाईंची. दोघंही पन्नाशीत गेलेली, मागेपुढे थोड्याच वर्षांनी. यंत्राने मावळतीकडची समाधी नेली, उगवतीकडची राहिली. आधी सगळे म्हणाले, भाऊ गेला, वहिनी राहिल्या. मग महानंदाला शंका आली.

"आमच्या रानात दगड कुठंय, मॅडम?" ती मला सांगत होती. "काळं रान. ढेकूळ पाहिजे तेवढं घ्या. येळवशीला पांडव मांडायचे म्हंजे दगड आणायचा कुठून? मग समाधीवरचे ते दोन चपटे दगड चांगले हायेत म्हणून ते धुऊन घ्यायचे, चुना लावायचा, भीम-अर्जुनाच्या जागी मांडायचे. दिवस मावळला की परत नेऊन ठिवायचे."

"दर वर्षी?"

"हाव. मी लग्न होऊन आले तवापासून."

"मग कुठला दगड कुणाचा, हे लक्षात कसं ठेवायचा?"

"अप्पा सांगायचे की."

अप्पांनी काठी जमिनीवर आपटली. "मी कवा सांगितलं? मी तर दगड बघूनच बसायचो. काळा बारका दगड तिचा. तो जिथं असंल तिथं ती. मला वाटायचं तुला म्हायीत हाय म्हणून तू ठिवून राहिलीस!"

"अन् मला वाटायचं तुम्हाला म्हायीत हाय म्हणून तुम्ही काही बोलत न्हाईत!"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. दिवसभर जेवलेली माणसं अंधार पडताना चुन्याचे दोन दगड कुठंतरी ठेवून घरी जात होती आणि सगळ्यांचा सगळ्यांवर पूर्ण विश्वास होता. मी पुष्कळ शासकीय समित्यांवर काम केलेलं असल्यामुळे मला ही पद्धत ओळखीची वाटली.

जागेवरून आठवत नाही का, असं मी विचारलं. तिथे एक कडुलिंब होता, तो वादळात पडला. मास्तरांना वाटायचं आई उगवतीकडे, त्यांच्या आत्याला वाटायचं मावळतीकडे. अप्पा म्हणाले, "तिला बसवलं त्या दिवशी मला कुणीकडं उगवतं अन् कुणीकडं मावळतं तेच कळत न्हवतं." एवढं बोलून ते काठीच्या मुठीकडे बघत राहिले. मग एकदम मान वर करून म्हणाले, "दर येळवशीला पहिला पेला आंबील घेऊन मी तिच्यापाशी बसतो, मॅडम. वर्षभराचं सगळं सांगतो. कोण आलं, कोण गेलं, पोराचं काय, सुनंचं काय."

"माझं काय सांगता?" महानंदाने विचारलं.

"ते तुला कामून सांगू? तिला सांगायचं असतंय ते. आता मला सांगा मॅडम, इतकी वर्षं मी कुणाशी बोलून राहिलो? बायकोला सांगायच्या गोष्टी भावाला सांगितल्या असतील तर ते बरं हाय का?"

हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा हसण्याचा नव्हता. मूठभर हाडांवर त्यांचं दोन प्रकारचं काम अडलं होतं. हात भावाचा निघाला, तर काशीबाई उगवतीकडे सुखरूप बसलेल्या होत्या, अप्पांचं बोलणं पोचलं होतं आणि आपली वेळ आल्यावर त्यांना त्यांच्या शेजारी बसता येणार होतं. हात बाईचा निघाला, तर काशीबाई रस्त्याखाली होत्या, हा हात तेवढा त्यांचा उरला होता, आणि उरलेली जागा भावाशेजारची होती. उगवतीकडची समाधी उघडून बघायचा विषयच नव्हता. तो मास्तरांनी नुसता काढला तर अप्पा म्हणाले, "बसलेल्या माणसाला उठवत नसतेत."

मास्तरांनी डीएनएचं विचारलं. मी सांगितलं की त्यासाठी हाड फोडून पूड करावी लागते, प्रयोगशाळा पोलिसांच्या पत्राशिवाय घेत नाही, आणि गुन्हा नसल्यामुळे पोलीस पत्र देणार नाहीत. यातलं अप्पांनी पहिलंच वाक्य ऐकलं. "कुटायचं?" ते म्हणाले. "न्हाई."

जायच्या आधी त्यांनी हात बघायला मागितला. मी हाडं ताटात क्रमाने मांडली, तळहात वर करून. त्यांनी आपला डावा पंजा त्यावर धरला, न टेकवता. बराच वेळ. मग म्हणाले, "लहान दिसतोय."

"हाडं लहानच दिसतात, अप्पा. मांस गेल्यावर कुणाचाही हात लहान दिसतो."

"हां," ते म्हणाले, पण पंजा काढला नाही.

मी मोजमाप केलं, एकदा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा डोळा वेगळा असतो. आकडे सूत्रात घातले. सूत्र म्हणालं, पुरुष. विभागप्रमुखांनी ते संगणकावर घातलं, तर उत्तरात दशांश चिन्हानंतर चार आकडे आले आणि त्यांचा चेहरा उजळला. "झालं," ते म्हणाले. "घरच्यांनाही तेच हवं आहे. लिहून टाका."

सूत्राला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. याबाबतीत ते पुढाऱ्यासारखं असतं. आमचं सूत्र दूरदेशीच्या लोकांच्या हाडांवरून बांधलेलं होतं, चांगलं खाल्लेल्या, उंच लोकांच्या. त्यांच्या बायकांच्या हाडांहून आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांची हाडं लहान. म्हणजे आमच्या हाताला त्याने पुरुष म्हटलं तर खरं तर तो पुरुषच असायला हवा. पण ही गोष्ट लांबीची झाली. लांबी पोरवयात ठरून जाते. रुंदी माणूस पुढे काय करतो त्यावरही थोडी सरकते. या हाताची लांबी मध्यम होती. सूत्राला पुरुष दिसत होता तो रुंदीत. शिवाय सूत्र उजव्या हातावर बेतलेलं, आणि आमच्यापुढे डावा. आमच्या कॉलेजातल्या जुन्या हाडांशी ताडून बघावं, तर त्या पेट्यांतली हाडं कुणाची, कुठली, हे कुणालाच ठाऊक नाही. देहदानाचे देह येतात ते निवृत्त शहरी माणसांचे. उभा जन्म रानात गेलेली बाई आमच्या कपाटात नव्हती. दिवे मात्र होते.

तशी बाई मला पलीकडच्या इमारतीत, कॉलेजच्या रुग्णालयात भेटली. सोयाबीनची मळणी सुरू झाली की हाडांच्या वॉर्डात हात येऊ लागतात; मळणीयंत्रात सापडलेले, दोन-दोन बोटं गमावलेले. तिथे तुलनेसाठी दुसऱ्या, धडधाकट हाताचाही एक्सरे काढतात. त्या धडधाकट हातांचे एक्सरे मी डॉक्टरांना विचारून, आणि हाडावरून बाई-पुरुष ओळखू येतं का ते बघायचंय असं बायकांना सांगून, बघायला लागले. बायकांना त्याचं काही वाटायचं नाही. एक कंधारकडची होती, पन्नाशीची, उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मी तिच्या डाव्या हाताचे आकडे सूत्रात घातले. सूत्राने बांगड्यांकडे न बघता तिला पुरुष ठरवलं.

"काय निघालं, मॅडम?" ती उत्सुकतेने म्हणाली.

"काही नाही. हाडं दणकट आहेत तुमची."

"असणारच की. घरात पुरुषाचं काम मीच करून राहिले तीस वर्षं." शेजारच्या खाटेवरची हसली. "अन् तुझा पुरुष काय करून राहिला मंग?" तर ही म्हणाली, "त्याची हाडं मोजा मॅडम. त्याला बाई म्हणतंय का ते बघा यंत्र."

अशा आणखीही निघाल्या. सगळ्या नाहीत, पुष्कळ बायका सूत्राच्या मते बाईच होत्या, मीही होते. पण दोन राशींची बुडं आमच्याकडे पुस्तकातल्यापेक्षा जास्त मिसळलेली होती, आणि आमचा हात तिथेच पडला होता. एकदा मास्तरांचा फोन आला. त्यांनी वाचलं होतं की हाडांवर कष्टाच्या खुणा उमटतात. "काका कापड दुकानात गादीवर बसायचे, मॅडम. आई रानात राबायची. हात राबता असेल तर..." बोटांच्या पेरांच्या कडांना ठसठशीत कंगोरे होते, ते मी बघितले होते. पण तसे कंगोरे वयानेही येतात, आणि माणसामाणसांत फरक असतो. "काकांनी कधी काही धरलंच नाही हातात?" मी विचारलं. "तिशीपर्यंत तालमीत जायचे," मास्तर म्हणाले. "तालुक्यात नाव होतं."

मी अहवालात लिहिलं: मानवी, प्रौढ, डावा हात, स्त्री की पुरुष हे निश्चित सांगता येत नाही. विभागप्रमुखांनी तो वाचून माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, लोक आपल्याकडे उत्तरासाठी येतात. शंका त्यांच्या घरी भरपूर असते." वाक्य चांगलं होतं, त्यांनी ते नंतर उद्घाटनाच्या भाषणातही वापरलं. पोलिसांना अहवालाचं काही नव्हतं. त्यांनी हाडं घरच्यांच्या ताब्यात दिली.

मास्तर चिडले. ते स्वतः हाडं घ्यायला आले होते, नवं पांढरं कापड घेऊन. "संगणकाने पुरुष सांगितलं होतं, असं तुमचे साहेब म्हणाले. एक शब्द लिहायला तुमचं काय जात होतं, मॅडम? म्हातारा माणूस आहे. निवांत झाला असता."

प्रामाणिकपणा ही गोष्ट आपल्याला जितकी सुंदर वाटते तितकी ती समोरच्याला वाटत नाही, कारण तिचा खर्च बहुतेक वेळा त्याच्याकडून वसूल होतो. पण मला हेही दिसत होतं की त्या म्हाताऱ्याने मला खूश करायला सांगितलं नव्हतं. खूश करायला घरची माणसं होतीच. त्याने विचारलं होतं, मी कुणाशी बोलत होतो. आणि मला माहीत नव्हतं.

येळवशीच्या आधी महानंदाचा फोन आला. "अप्पा म्हणून राहिले, मॅडमला जेवायला बोलवा. याच. आमचे हे तोंड पाडून बसतील, तिकडं बघू नका."

मी गेले. मुखेडच्या बसमधून उतरून रानापर्यंत चालत जाताना दोन्ही बाजूंच्या कोप्यांतून आवाज येत होते, धूर येत होता, बाजरीच्या उंड्यांचा आणि हिरव्या तुरीचा वास येत होता. पूजा होऊन गेली होती. कोपीभोवती आंबील शिंपडत फिरताना जे म्हणतात त्यातले अर्धे शब्द कानडी आहेत आणि अर्धे कुणाचेच नाहीत. ते म्हणणारे पुरुष मोठमोठ्याने, अगदी खात्रीने म्हणत होते. अप्पांच्या कोपीत पाचही पांडव मातीचे होते. महानंदाने हाताने केलेले, चुना लावलेले, एक थोडा वाकडा. "दगडाची भानगडच नको आता," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर अप्पांनी मला खुणावलं. आम्ही बांधाने निघालो, मागून मास्तर, त्यांच्यामागून भांडं आणि पेला घेऊन महानंदा. रानाची कड आता रस्त्याच्या बाजूने सरळ कापलेली होती. उगवतीकडच्या समाधीवर दगड नव्हता, नुसता मातीचा उंचवटा. त्याच्यापासून मावळतीकडे नव्या भरावापर्यंत मोजकी जागा उरली होती.

"परवा मठाचे स्वामी येणार हायेत," अप्पा म्हणाले. "हात कुठं ठिवायचा ते सांगायचंय त्यांना. तुम्ही कागदावर लिहिलं ते मल्लूनं वाचून दाखवलं. आता कागद ऱ्हाऊ द्या. तुमच्या मनाला काय वाटतं?"

"मनाचं मी लिहीत नाही, अप्पा."

"लिहू नका. सांगा."

मी सांगितलं. मनाला वाटतं बाईचा. सूत्राला वाटतं पुरुषाचा. आणि खरं विचाराल तर मला आणि सूत्राला, दोघांनाही माहीत नाही.

"म्हंजे आणेवारी किती?"

मला क्षणभर कळलं नाही.

"पीक बघायला येतेत, तवा सांगतेत न्हाई का? रुपयात इतके आणे. तसं सांगा. किती आणे बाई, किती आणे पुरुष?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नव्हता. मी हातातलं बोर खाली ठेवलं आणि खरोखर विचार केला. "नऊ आणे बाई," मी म्हणाले. "सात आणे पुरुष."

अप्पांनी मान हलवली. उंचवट्याकडे बघितलं, मग भरावाकडे. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, तो पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"नऊ आण्यांवर बायको ठरवायची व्हय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मल्लू, इकडं ये." त्यांनी काठीने भरावाच्या अलीकडे एक रेघ ओढली. "हात हितं बसवा. नीट, सगळं करून, माणसाला बसवतेत तसं. अन् ह्याच्या अन् त्याच्या मधी एका माणसाची जागा सोड. ती माझी."

मास्तरांनी वडिलांच्या हातातली काठी घेतली आणि मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या. मग वाकून मातीचं एक ढेकूळ बाजूला सारलं. थोड्या वेळाने, पाठ आमच्याकडे ठेवूनच, त्यांनी विचारलं, "अप्पा, मग तोंड कुणीकडं करायचं? आईकडं म्हणावं, तर..."

"समोर," अप्पा म्हणाले. "हयातभर तेच केलं. ह्या दोघांचं एक दिवस पटलं न्हाई, मॅडम. भाजीत मीठ जास्त पडलं तरी भांडणार, कमी पडलं तरी भांडणार. जेवायला मी मधी बसायचो अन् समोर भिताडाकडं बघायचो. मला सवय हाय."

महानंदा पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिने तो पदर डोळ्यांना लावला. मास्तरही हसले, त्या हंगामात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. अप्पा मधल्या जागेवर खाली बसले, मांडी घालून, जागा पुरते का ते दोन्ही बाजूंना हात करून बघितलं. पुरत होती. मग त्यांनी सुनेकडे हात केला. तिने पेला भरून दिला. अर्धी आंबील त्यांनी उगवतीकडे ओतली, अर्धी मावळतीकडे, आणि आमच्याकडे असं बघितलं की आम्ही निघावं हे आम्हाला कळलं.

आम्ही बांधाने कोपीकडे परत येत होतो. दर वर्षी अप्पा दगडापाशी पुटपुटतात, काही ऐकू येत नाही, असं महानंदा मला सांगत होती. त्या दिवशी मात्र मागून त्यांचा आवाज स्पष्ट येत होता, दोन्ही बाजूंना पोचेल इतका मोठा. यंदा तूर बरी हाय, ते सांगत होते.